रविवारचं रडणं

कार्ड सोमवारी दुपारी आलं. निधनाच्या पत्राचा फाडतात तसा त्याचा एक कोपरा फाडलेला होता, त्यामुळे अर्धी बातमी वाचण्याआधीच कळली. उरलेली पुतण्याच्या अक्षरात होती. आमची आई द्वारकाबाई शुक्रवारी सकाळी वारली, तीन दिवस ताप होता, कळावे. साप्ताहिकाची प्रुफं तपासायची सवय असल्याने मी ते कार्ड दोनदा वाचलं. त्यात खोडण्यासारखा एकही शब्द नव्हता. द्वारकाबाई माझ्या थोरल्या जाऊबाई. धामणगाव बढ्याच्या घरात आम्ही सहा वर्षं एका चुलीवर काढली. त्यांना जाऊन आता पाच आठवडे झाले. गावात आणि नात्यात त्यांच्याविषयी चांगलंच बोललं जातं, आणि त्यातलं बहुतेक खरं आहे. मी इथे लिहिते आहे तेही खरं आहे.

मी त्या घरी सून म्हणून गेले ती अमरावतीहून मास्तरणीचं ट्रेनिंग पुरं करून. गावात मुलींची शाळा नुकतीच निघाली होती आणि तिला बाई हवी होती. माझे यजमान मलकापूरला कचेरीत कारकून होते. शनिवारी संध्याकाळी घरी येत, सोमवारी उजाडता जात. थोरले दीर शेती पाहत आणि घर द्वारकाबाई पाहत. उंच, सावळ्या, चालताना पदर कमरेला खोचलेला. मी शाळेत जावं की नाही यावर घरात आठ दिवस बोलणं चाललं होतं. ते त्यांनी एका वाक्यात संपवलं. "जाऊ द्या तिले. एवढं शिकून का भाकरीच थापाव्या तिनं?" हे वाक्य मी आयुष्यभर विसरले नाही. पुढचं सगळं विसरता येत नाही तेही याच वाक्यामुळे.

कुसुम झाली आणि प्रश्न उभा राहिला. ती पाच महिन्यांची असताना माझी रजा संपली. शाळा सोडली तर ती बंद पडणार होती, कारण दुसरी बाई मिळत नव्हती. मुलीला शाळेत नेऊन पाहिलं. वर्गातल्या निम्म्या मुली तिच्याभोवती आणि निम्म्या खिडकीत. दोन दिवसांत तो प्रयोग संपला. तेव्हा द्वारकाबाई म्हणाल्या, "मायापाशी ठेव. माये दोन वाढले, हे बी वाढन." मी एकच अट घातली. कपाशी वेचायला जाणाऱ्या बाया तान्ह्या पोरांना अफूची गोळी देतात हे मला माहीत होतं. बाजरीच्या दाण्याएवढी गोळी गुळाच्या पाण्यात उगाळून चाटवली, की शेताच्या धुऱ्यावरच्या बाभळीला बांधलेल्या झोळीत पोर दुपारभर हलत नसे. अफू लायसनच्या दुकानात उघड मिळे आणि त्यात कुणाला लाज वाटत नसे. मी म्हणाले, "बाई, हिला गोळी द्यायची नाही. रडली तर रडू द्या." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "नाही देत माय. तुयी आन."

त्यांनी शपथ घेतली ती माझी.

शाळेतून परत आले की कुसुम झोपलेली असे. उठली तरी शांत असे, छताकडे पाहत राही. अंगावर घेतलं तर दोन घोट घेई आणि तोंड फिरवी. वर्गात बाराखडी घेताना माझी चोळी भिजायची. घरी आल्यावर ते दूध तिला नको असायचं. मी शेजारणींना कौतुकाने सांगत असे, किती शहाणं लेकरू आहे, काही त्रास नाही. त्या "हाव, हाव" म्हणत आणि एकमेकींकडे पाहत नसत. आज वाटतं, मुद्दाम पाहत नसत.

रविवारी शाळा नसे. हंगामाचे दिवस, म्हणून द्वारकाबाई सकाळीच रानात जात आणि कुसुम दिवसभर माझ्याजवळ राही. दहाच्या सुमाराला ती कुरकुरू लागे. बारापर्यंत तिचं रडणं गल्लीच्या टोकाला ऐकू जाई. जांभया देई, नाक वाहे, अंग ताठ करी, पायांनी मला ढकली. मी पाजून पाहिलं, ओवा शेकून पोटाला लावला, दृष्ट काढली, मांडीवर, खांद्यावर, पाळण्यात... काही उपयोग होत नसे. यजमान अंगणात खाटेवर बसून पान लावत. म्हणत, "वहिनीला येऊ दे." संध्याकाळी द्वारकाबाई येत, डोक्यावरचं कापसाचं गाठोडं उतरवत आणि माझ्याकडे हात पसरत. "दे इकडं. आईले काई जमत नाही हिच्या." तिला घेऊन त्या सैपाकघरात जात. घटकाभराने कुसुम गप्प होई. बाहेर आणून माझ्या मांडीवर ठेवताना त्या हसत म्हणत, "तुया हाताची सवयच नाही तिले. राहू दे, नाराज नको होऊ." असे किती रविवार गेले ते मी मोजलं नाही. सोमवारी मी वर्गात उभी राही तेव्हा मनात एकच विचार असे... वीस परक्या मुली माझ्याकडे तोंड करून बसतात, आणि माझी एक तोंड फिरवते.

संक्रांतीच्या आधीचा रविवार. रोहिणखेडची मणियारीण हमीदाबी बांगड्या भरायला आली होती. सगळ्या गावांत तिचा फेरा असे, त्यामुळे सगळ्या गावांची लेकरं तिच्या पाहण्यात होती. ती माझा हात दाबून बांगडी चढवत होती आणि कुसुम शेजारी सतरंजीवर आक्रोश करत होती. हमीदाबी थांबली. तिने कुसुमची हनुवटी धरून तिला उजेडाकडे वळवलं, वाहतं नाक पाहिलं, जांभई पाहिली.

"मास्तरीनबाई, हे लेकरू रडून नाही राह्यलं. मागून राह्यलं."

"काय मागतंय?"

"गोळी." मग माझ्या तोंडाकडे पाहून तिने बांगड्यांच्या पाटीवर कापड ओढलं. "या अल्ला. तुमाले मालूमच नाही का?"

मी सैपाकघरात गेले. कोनाड्यात हिंगाच्या डबीमागे एक पितळेची डबी होती, रुपयाएवढी, झाकण घट्ट. नख लावून उघडावी लागली. आत काळसर, चिकट गोळ्या होत्या. मी ती पदरात बांधून अंगणात आले आणि यजमानांना म्हणाले, "बाई कुसुमला अफू देतात." त्यांनी पान खाली ठेवलं आणि विचारलं, "कुणी सांगितलं?" खरं का, असं त्यांनी विचारलं नाही. बातमी नवीन असती तर माणसाने आधी ते विचारलं असतं. मग म्हणाले, "अगं, आम्ही सगळे त्याच्यावरच वाढलो."

द्वारकाबाई संध्याकाळी आल्या. मी डबी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती पाहिली, हातपाय धुतले, मग बोलल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "म्या का कापूस सोडून झोका देत बसू? तू शाळेत जाय, मी वावरात जाय. जागं लेकरू कोन पाहीन?" मी शपथेची आठवण दिली. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मला तोवर ठाऊक नव्हतं. त्यांचा पहिला मुलगा आठ महिन्यांचा होता. त्या पाण्याला गेल्या होत्या. पोर जागं होतं, रांगत चुलीपाशी गेलं... "जागत्या लेकराचं मले भेव वाटते. झोपलेलं कुठी जात नाही." एवढं बोलून त्या पीठ मळायला बसल्या.

त्यांची भीती मी समजू शकले. आजही समजते. पण मी त्यांना एक प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर मला कधीच मिळालं नाही. गोळी दिली ते दिली. पण मुलीला तुझी सवय नाही, असं दर रविवारी मला का सांगितलंत? पीठ मळून झालं, भाकरी थापल्या गेल्या. मला वाढलंही त्यांनीच.

कुसुमला मलकापूरच्या दवाखान्यात बैलांच्या दमणीने नेलं. डॉक्टरांनी तिच्या पापण्या उघडून पाहिल्या आणि सांगितलं, एकदम तोडू नका, झटके येतील. रोज थोडी कमी करा. म्हणजे आता गोळी मी द्यायची होती. सुरीच्या टोकाने ती कापायची, उगाळायची आणि बोटाने चाटवायची. बाजरीच्या दाण्यावरून राजगिऱ्यावर, राजगिऱ्यावरून खसखशीवर. माझं बोट तोंडाजवळ आलं की कुसुम हसे. ती पहिल्यांदा माझ्याकडे पाहून हसली ती अशी. त्या काळात मी शाळेचा राजीनामा दिला. शाळा उन्हाळ्यापर्यंत कशीबशी चालली आणि मग बंद झाली.

तीन वर्षांनी यजमानांची बदली झाली आणि आम्ही अकोल्याला आलो. मी भांडले नाही. एका चुलीवर भांडून राहता येत नाही. कुसुमलाही काही सांगितलं नाही. तिचा मोठीआईवर, म्हणजे द्वारकाबाईंवर, जीव होता. दर उन्हाळ्यात ती धामणगावला जाई आणि लठ्ठ होऊन येई. तिच्या लग्नात हळद लावताना द्वारकाबाईंनी साऱ्या बायांसमोर तीच गोष्ट सांगितली. "हे तं आईले पाह्यलं का बोंबले! म्या म्हणलं, मास्तरीण, तू आपली शाळेतल्याच पोरी पाय माय!" मांडव हसला. कुसुमही हसली. द्वारकाबाईंनी हसताना माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना माहीत होतं की मी बोलणार नाही.

तेराव्याला आम्ही धामणगावला होतो. जेवणं आटोपल्यावर कुसुम तिच्या सहा महिन्यांच्या मुलाला घेऊन मागच्या अंगणात माझ्याजवळ येऊन बसली. तिने कमरेच्या पिशवीतून ती डबी काढली, घासून लख्ख केलेली. दोन महिन्यांपूर्वी ती बाळ दाखवायला आली होती तेव्हा मोठीआईने दिली म्हणाली. "मी विचारलं, यात काय ठेवायचीस? तर म्हणाली, तुया आईले इचारजो."

वीस वर्षं त्यांनी स्वतः सांगितलं नाही. जाता जाता तेही काम माझ्यावर टाकून गेल्या. मी सांगितलं. आधी गोळी, मग शपथ, मग मणियारीण, जसं घडलं त्याच क्रमाने. बाळ जागं होतं, डबीकडे हात नेत होतं. कुसुम त्याला अडवत ऐकत होती.  मग तिने एकच विचारलं.

"म्हणजे रविवारी मी तुला नको म्हणत नव्हते?"

"नाही."

"आणि तुला तसंच वाटत राहिलं? माझ्या लग्नातसुद्धा?"

मी डबी उचलून बाजूला ठेवली. तिने मुलाला माझ्या मांडीवर ठेवलं आणि ती घरात गेली. तो रडला. मी त्याला उचललं नाही, मांडीवरच धरून ठेवलं. रडला तेवढा रडू दिला, आणि मग तो आपोआप थांबला.

डबी कुसुमने परत नेली नाही. ती माझ्या कामाच्या मेजावर आहे आणि तिच्यात मी टाचण्या ठेवते. झाकण अजून घट्ट बसतं. उघडायला नख लावावं लागतं.