भीमराज सरांची लाइन

हट्ट्याच्या शाळेत भीमराज खिल्लारे सर इंग्रजी शिकवायचे. माणूस देवासारखा, पण एक खोड होती. बोलता बोलता कुणी इंग्रजी शब्द वापरला की सर त्याला तिथंच धरायचे आणि शब्द त्याच्या आजोळी पोचवल्याशिवाय सोडायचे नाहीत. फाट्यावर "बस कधी येते, सर?" असं विचारणाऱ्या माणसाची बस निघून जायची आणि तो 'बस' या शब्दाचा जन्म ऐकत उभा राहायचा.

परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्या साली सरांनी नांदेडहून एक जाडजूड शब्दकोश आणला आणि त्यांना 'लाइन' या शब्दानं झपाटलं. शब्द गावात सगळ्यांच्या तोंडी. वीज गेली की लाइन गेली. राशनच्या दुकानापुढं लाइन. कुणाच्या लेकराला नोकरी मिळाली की पोरगं लाइनीला लागलं. सरांनी मूळ शोधलं तर निघालं जवस. जुन्या रोमी लोकांच्या भाषेत जवसाला म्हणत लिनम. जवसाच्या धाग्याचं कापड ते लिनन, आणि गवंडी भिंत सरळ यावी म्हणून जो धागा ताणून धरायचा ती लाइन. त्या दोऱ्यावरून आली रेघ, रेघेवरून ओळ, ओळीवरून रांग, आणि मग रेल्वेचे रूळ, टेलिफोनची तार, सगळंच. सरांनी जेवता जेवता जवसाची चटणी बोटावर घेऊन बायकोला दाखवली. करुणाबाई म्हणाल्या, लाइन खाऊन घ्या लवकर, शाळेची वेळ झाली.

आठवडाभरात गावात ही कथा न ऐकलेला माणूस उरला नाही. दुसऱ्यांदा ऐकायची मात्र कुणाची तयारी नव्हती. सर दिसले की लोक गल्ली बदलायचे.

अपवाद एकच, प्रमोद इंगोले. तो सेनगावकडचा, वीज बोर्डात लाइनमन म्हणून नवाच हट्ट्याला आलेला. सरांच्या दारातल्या लिंबाची फांदी वाऱ्यानं तारेला लागायची आणि लाइन जायची. प्रमोद यायचा, खांबावर चढायचा, उतरून ओट्यावर बसायचा आणि पाणी मागायचा. पाणी घेऊन संध्या यायची. संध्या म्हणजे सरांची लेक, वसमतला डी.एड. करत होती. मग प्रमोद सरांना विचारायचा, "सर, मागच्या बारीला शब्द कुठवर आला होता?" सरांचं काळीज सुपाएवढं व्हायचं. पुढं पुढं तर लाइन गेलेली नसतानाही प्रमोद ती नीट आहे ना, हे बघायला येऊ लागला. सर करुणाबाईंना सांगत, या पोरात ज्ञानाची भूक आहे. करुणाबाई पदर तोंडाला लावून आत जात.

शेजारी बद्रुद्दीनचाचांचं शिलाईचं दुकान होतं. त्यांच्या बाजूची लाइन कायम जाई. ईदच्या तोंडावर कपडे अडकून पडले, तेव्हा सरांनी संध्याला सांगून भिंतीवरून वायर टाकून चाचांना लाइन देवविली. ती जोडून दिली प्रमोदनंच.

अशात एक दिवस रामजीनं सरांना हॉटेलात बाजूला बसवलं. रामजीचं चहाचं हॉटेल बसस्टँडजवळ, आणि तो सरांचा लहानपणापासूनचा मित्र. गावात कुजबुज वाढली होती. बापाच्या कानावर घालणं भाग होतं. पण मित्राच्या लेकीबद्दल बोलायचं, जीभ उचलेना. शेवटी हळूच म्हणाला, "सर, संध्या लाइन देऊन राहिली म्हणतेत लोकं. तुमाला म्हाईत हाय का?"

"म्हाईत म्हंजे? मीच सांगितलं तिला," सर म्हणाले. "आपल्याकडं हाय, तर द्यायला काय जातं?"

रामजीच्या हातातला कप तसाच राहिला. त्यानं जपून विचारलं, प्रमोदची काही हरकत नाही ना.

"त्याची काहून असंल? त्याच्याच हातानं जोडलं समदं."

रामजीला सरांबद्दल एकदम फार आदर वाटला. एवढा मोकळ्या मनाचा बाप त्यानं तालुक्यात पाहिला नव्हता. आदर पोटात ठेवायची त्याला सवय नव्हती. दिवस मावळायच्या आत सगळ्या हट्ट्याला कळलं की सर राजी आहेत, आणि दोन दिवसांनी सेनगावालाही कळलं.

रविवारी दारापुढं जीप थांबली. प्रमोदची आई निर्मलाबाई, तिचे दोन भाऊ, पेढ्यांचा पुडा, आणि मागं मान खाली घातलेला प्रमोद. निर्मलाबाईंनी आत येताच हात जोडले आणि म्हणाल्या, "जयभीम घ्या, इवाई."

'इवाई' म्हणजे व्याही, पण शब्द इंग्रजी नव्हता, त्यामुळं सरांनी सोडून दिला. आपल्याच ऐकण्यात काही चूक झाली असावी, असं त्यांना वाटलं. पाहुणे बहुधा शब्दांबद्दल ऐकायला आले, असं समजून त्यांनी जवसापासून सुरुवात केली. एका मामानं जवसाचा भाव सांगितला. तेवढ्यात करुणाबाईंनी सरांना स्वयंपाकघरात ओढलं आणि लाइन देणं नि लाइन मारणं म्हणजे पोरं काय म्हणतात, ते चार वाक्यांत सांगितलं.

सर पिठाच्या डब्यावर बसले. मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, की हा अर्थ कोशात का नाही.

"कोश लिहिणारा रामजीच्या हॉटेलात बसला न्हाई म्हणून," करुणाबाई म्हणाल्या.

मग मात्र सरांना गलबलून आलं. गाव हसलं याचं त्यांना तेवढं वाटलं नाही. लेकीच्या मनातलं आपल्याला कळलं नाही, याचं वाटलं. त्यांनी संध्याला परसात बोलावलं आणि सांगितलं की नको असेल तर पेढे तसेच परत पाठवू, गावाची लाज मी बघून घेईन.

संध्या भिंतीच्या सावलीत उभी होती. म्हणाली, "बाबा, त्यानं इचारलं न्हाई आन मी सांगितलं न्हाई. पर तुमी नको म्हणलात तर मला वाईट वाटंल." थोड्या वेळानं तिनं जोडलं की आधी डी.एड. पुरं होणार, मग बाकीचं.

सर बाहेर आले आणि सगळ्यांदेखत प्रमोदपुढं उभे राहिले. खरं सांगा, तुम्ही शब्दासाठी येत होता का?

प्रमोद घामानं भिजला होता. "खोटं न्हाई बोलत, सर. सुरुवातीला शब्दासाठी न्हाई आलो. पुढं शब्दासाठी बी आलो."

सरांनी पुडा उघडला आणि पहिला पेढा स्वतः खाल्ला.

पुढच्या वर्षी संध्याचा निकाल लागला आणि उन्हाळ्यात बुद्धविहारापुढच्या मांडवात लग्न झालं. वंदना, मंगलगाथा झाल्या, आणि नेमकं सरांनी माइक हातात घेतला तेव्हा लाइन गेली. नवरदेवाला तर पांढऱ्या कपड्यांत खांबावर चढवता येईना. वसमतहून त्याचा जोडीदार येईपर्यंत मंडळी जेवून हात धुवून मोकळी झाली होती. सरांच्या दारातल्या लिंबाची ती फांदी कुणी हलवली, याची चौकशी करुणाबाईंनी होऊ दिली नाही.

संध्याला दोन वर्षांनी सेनगाव तालुक्यात शाळा मिळाली. सर निवृत्त होईपर्यंत हट्ट्यातच शिकवत राहिले. पण वर्गात नवा शब्द फळ्यावर लिहिला की कोश उघडायच्या आधी ते पोरांनाच विचारू लागले, तुमी याचा काय अर्थ करता? पोरं सांगायची. कधी कधी मात्र मागचा बाक एकमेकांकडं बघून नुसताच हसायचा. सर खडू खाली ठेवायचे, आणि मधल्या सुट्टीत रामजीच्या हॉटेलाकडं निघायचे.