लोराना हॅचर आणि ग्रेव्हीची जात

आमच्या छावणीतल्या निम्म्या डोक्यांना लोराना हॅचरचा हात लागलेला आहे. किराणा दुकानाच्या बाजूला सैनिकांचं केशकर्तनालय आहे, तिथली तिसरी खुर्ची तिची. सोळा वर्षं ती हेच करते आहे, छावण्या तेवढ्या बदलल्या. पोरगा खुर्चीत बसला की मान बघून ती सांगते, हा पंधरा दिवस मैदानात होता, हा उद्या रजेवर निघणार, याचं घरी काही बरं चाललेलं नाही. बोलते कमी. मशीन चालू असताना तर अजिबात नाही. तिला काही म्हणायचं असलं की ती आधी मशीन बंद करते, आणि मग गिऱ्हाईक जरा सावरून बसतं.

मी तिची शेजारीण, जोलीन. आमच्या दोघींच्या क्वार्टरमध्ये एकच भिंत, आणि तीसुद्धा क्वार्टरच्या ठेकेदार कंपनीने बांधलेली, म्हणजे पलीकडे कुणी चमचा पाडला तर मला कळतं. तिचा नवरा ड्वाइट रणगाडे दुरुस्त करणारा सार्जंट, गेल्या शरदात नऊ महिन्यांसाठी पोलंडला गेला. माझा रे मेसमध्ये आचारी आहे, तो कुठेच जात नाही. त्यामुळे तिच्याकडे शांतता असायची आणि माझ्याकडे टीव्हीवरचं फुटबॉल. तिच्या सोबतीला होती ती ग्रेव्ही.

ग्रेव्ही ही कुत्री. जॉर्जिया राज्यातल्या कुठल्याशा गावच्या आश्रयगृहातून लोरानाने आणलेली. रंग करपलेल्या रश्शाचा म्हणून नाव ग्रेव्ही. पाठीवर पुसट पट्टे, डोकं रुंद, एक कान उभा आणि एक पडलेला, जिभेवर काळे ठिपके. आश्रयगृहाच्या कागदावर लिहिलं होतं ‘लॅब्राडोर, मिश्र’. ज्याला काही कळत नाही तो लॅब्राडोर लिहितो, हे मला आता कळतं. तेव्हा ड्वाइटने तोच कागद इथल्या हाउसिंग ऑफिसात दिला, तिथल्या बाईने शिक्का मारला आणि विषय संपला.

जातीचा विषय निघतो का, तर आमच्या क्वार्टरमध्ये पाच जातींना बंदी आहे. पिट बुल, रॉटवायलर, डॉबरमन, काळ्या जिभेचा चाव आणि ज्यात लांडग्याचं रक्त आहे ते. ऑफिसच्या दारातच यादी चौकटीत लावलेली आहे. खाली बारीक अक्षरात एक ओळ: ‘किंवा या जातींसारखे दिसणारे कोणतेही.’ सारखं कुणाला दिसणारं, ते लिहिलेलं नाही.

आता माझा पराक्रम सांगते. दर वसंतात क्वार्टर चालवणारी कंपनी रहिवाशांचं मत मागवते. ज्या गल्लीचे सगळ्यात जास्त फॉर्म येतील तिला फुकट पिझ्झा. आमची गल्ली मागे पडत होती म्हणून मी घरोघर फिरून लोकांना फॉर्म भरायला लावले आणि स्वतःचा तर रकानान् रकाना भरला. ‘शेजारात तुम्हाला काय आवडते?’ या प्रश्नाखाली मी मन लावून लिहिलं, की शेजारच्या लोरानाचा पिट बुल आवडतो. ती कुत्री भुंकत नाही, पोरांच्या अंगावर जात नाही, बिगुल वाजला की खाली बसते, आणि ती भिंतीपलीकडे आहे म्हणून मला निर्धास्त झोप लागते. पिझ्झा आम्हालाच मिळाला, गारढोण. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

पुढच्या मंगळवारी कंपनीचे मिस्टर केनर्ली आले. गाडीतून उतरतात न उतरतात तोच पाच वाजले. पाचला तोफ उडते, बिगुलावर एकामागून एक दोन सुरावटी वाजतात, झेंडा उतरतो, आणि छावणीत जो जिथे असेल तो तिथे थांबतो. गाड्या थांबतात, सायकली थांबतात. केनर्ली हातातली फाइल काखेत मारून, छातीवर हात ठेवून, झेंड्याकडे तोंड करून उभे राहिले. लोराना नेमकी कुत्रीला घेऊन बाहेर पडली होती, तीही उभी राहिली. मी कचऱ्याचा डबा हातात घेऊन उभी. ग्रेव्ही केनर्लींच्या बुटापाशी जाऊन बसली आणि वर तोंड करून त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांना मान हलवता येईना, पण डोळे फिरवता येत होते, आणि दोन्ही सुरावटी संपेपर्यंत ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्या डोक्याचं माप घेत होते.

संगीत थांबलं तसं त्यांनी खाकरून सांगितलं, एका रहिवाशाच्या फॉर्मवरून कळलं की इथे पिट बुल आहे.

“ही लॅब आहे,” लोराना म्हणाली.

“लॅब?” त्यांनी पुन्हा खाली पाहिलं. “मॅडम, माझ्याकडे लॅब आहे.”

मी डब्यासकट घरात शिरले. तोंडात मूग धरून बसले ते पुढचा महिनाभर.

पत्र आलं ते ड्वाइटच्या नावाने, प्रत त्याच्या वरिष्ठाला, फर्स्ट सार्जंटला. लोरानाचं नाव त्यात एकदाही नव्हतं. इथे घर नवऱ्याच्या नावावर, बायकोचं ओळखपत्र नवऱ्याच्या नावावर, दवाखान्यात गेलं तरी आधी नवऱ्याचा नंबर विचारतात. कुत्रीही त्याच्याच नावावर. चौदा दिवसांत कुत्री क्वार्टरबाहेर काढा किंवा ती बंदी असलेल्या जातीची नाही असा पुरावा द्या. लोरानाने पत्र मला वाचून दाखवलं. मग म्हणाली, “पुरावा देऊ. त्यात काय?” मी म्हटलं, “मी गाडी काढते.” पापाचं निदान पेट्रोल तरी आपलं असावं.

पहिल्यांदा छावणीतल्या जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथली डॉक्टर कॅप्टन, वय पंचविशीचं. तिने ग्रेव्हीचे दात पाहिले, कान पाहिले, मांडीवर घेतलं आणि सांगितलं की मला विचाराल तर यात बॉक्सर आहे, पण मी लिहून देणार नाही; अशा भांडणांमुळे आम्ही हल्ली कागदावर फक्त ‘मिश्र, मध्यम’ लिहितो. तो कागद घेऊन हाउसिंग ऑफिसात गेलो. खिडकीवरच्या टॅमराने सांगितलं, यात जात नाही, जात लिहून आणा. गावात कुत्र्यांना आंघोळ घालणारी एक जुनीजाणती बाई आहे, तिला विचारलं. तिने जीभ बाहेर ओढून ठिपके दाखवले आणि म्हणाली चाव आहे, शंभर टक्के. चावही यादीत. ते आम्ही कुणाला सांगितलं नाही.

शेवटी कुत्रीच्या गालातली लाळ पुसून डीएनएची परीक्षा करायची पेटी मागवली. निकालाला तीन आठवडे. टॅमरा म्हणाली निकाल चालेल, पण मुदत वाढणार नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या जागी बसलेला माणूस म्हणाला निकाल चालतच नाही, दिसण्यावर आहे. तिसऱ्या दिवशी पुन्हा टॅमरा होती, ती म्हणाली असं कोण म्हणालं? एक ना धड भाराभर चिंध्या घेऊन आम्ही दोघी गाडीत बसलो होतो, मागे ग्रेव्ही खिडकीतून बाहेर बघत होती. लोराना आरशात तिच्याकडे बघून म्हणाली, “दोन हजार डोकी बघितली असतील मी या वर्षात. हिचं मला कळत नाही. आधी लॅबच दिसायची. आता रोज सकाळी उठते आणि वेगळंच काहीतरी दिसतं.”

तिचं ते बोलणं मला फार लागलं. मी म्हणाले काय, तर डोनट घेऊया का.

ड्वाइटचा फोन रविवारी आला, व्हिडिओवर. भिंत पातळ, शिवाय लोरानाने मला बोलावूनच घेतलं होतं. ड्वाइट वाईट माणूस नाही. एकोणीस वर्षं नोकरी झाली आहे, बढतीच्या यादीसाठी त्याचे कागद गेले आहेत, आणि फर्स्ट सार्जंटने त्याला तंबूबाहेर बोलावून विचारलं होतं की तुझं घर तुला सांभाळता येत नाही का. तो म्हणाला, माझ्या भावाकडे मिसूरीला पाठव, मी परत आलो की बघू.

“तुझा भाऊ तिला बाहेर साखळीला बांधेल.”

“बांधेल. मरत नाहीत कुत्री साखळीने.”

“ड्वाइट, तू गेल्यापासून या घरात माझ्याशी कोण बोलतं, सांग.”

“कुत्री बोलत नाही, लोराना.”

“हो. पण मी बोलते ना.”

तो म्हणाला, हाउसिंगवाले सांगतील तसं कर, आणि फोन ठेवला. लोराना टेबलावरचे पावाचे कण गोळा करत बसली, नसलेले सुद्धा. मला रडू आलं आणि ते मी शिंकेत घातलं.

बाराव्या दिवशी आम्ही ऑफिसात गेलो, कुत्री बाहेर काढल्याच्या फॉर्मवर सही करायला. टॅमराने फॉर्म पुढे केला आणि परत ओढून घेतला. कुत्री सार्जंट हॅचरच्या नावावर आहे, सही त्याची लागेल. तो पोलंडला आहे म्हटल्यावर ती म्हणाली, मग मुखत्यारपत्र आणा. ते आमच्यातल्या प्रत्येकीच्या घरी असतं. नवरे बाहेर जायच्या आदल्या दिवशी रांगेत उभे राहतात, वकील कागद पुढे सरकवतो, ते सही ठोकतात, कुणी वाचत नाही. बायकाही वाचत नाहीत. रेफ्रिजरेटरवरच्या डब्यात टाकून देतात. आम्ही घरी जाऊन डबा उपडा करून ते आणलं.

टॅमरा हवं ते कलम शोधू लागली. तिला वेळ लागला तसं लोरानाने कागद स्वतःकडे वळवला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. बोट ठेवून, शाळेतल्यासारखं. रांगेत मागे चारजण. मी म्हटलं, अगं, ती शोधते आहे ना. तिने ऐकलं नाही. दुसऱ्या पानावर बोट थांबलं.

“यात लिहिलंय की मी त्याच्या नावाने क्वार्टर घेऊ शकते.”

“हो, ते सगळ्यांच्यात असतं,” टॅमरा म्हणाली.

“घेऊ शकते, सोडूही शकते.”

टॅमराने वाचलं. “हो. पण तुम्ही कुत्रीसाठी आलात.”

“कुत्रीसाठीच आले आहे. क्वार्टर सोडायचा फॉर्म कुठला?”

दुकानात ती मशीन बंद करून बोलते तसं बोलली. टॅमराने विचारलं, सार्जंटना माहीत आहे का. लोराना म्हणाली, त्याची सही आहे त्यावर. मग तिने फॉर्म भरला, खाली ‘ड्वाइट हॅचर’ असं लिहून ‘तर्फे मुखत्यार लोराना हॅचर’ असं सावकाश लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा इथल्या कुठल्या कागदावर तिचं नाव आलं असेल. मला कळेना की हे धाडस आहे की वेडेपणा, आणि खरं सांगायचं तर तिलाही कळत नव्हतं. गाडीत बसल्यावर तिने तीनदा विचारलं, “जोलीन, मी काय केलं?”

ड्वाइट दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा संदेश आला, नव्या जागी माझी मांस भाजायची शेगडी ठेवायला अंगण आहे का. छावणीच्या फाटकाबाहेर आठ मैलांवर एक चाकांवरचं घर तिने बघितलं होतं, त्याला अंगण होतं, आणि मालकिणीला कुत्र्याच्या जातीशी देणंघेणं नव्हतं. ट्रक गेला की घर हलतं आणि आवाज आत येतो, पण ग्रेव्हीला ट्रक आवडतात.

सामान बांधायला मी गेले होते, तेव्हा परीक्षेचा निकाल आला. लोरानाने फोनमध्ये बघून वाचून दाखवला. पिट बुलच्या कुळातलं एकतीस टक्के, चाव बावीस, बॅसेट हाउंड अठरा, बॉक्सर नऊ, आणि उरलेलं ‘अनेक’. लॅब्राडोर शून्य.

“म्हणजे आहे की नाही?” मी विचारलं.

“एकतीस म्हणजे सगळ्यात जास्त. पण निम्म्याहून कमी.” तिने फोन खोक्यावर ठेवला. “टॅमराला विचारलं तर आहे म्हणेल. त्या दुसऱ्याला विचारलं तर म्हणेल दाखवा कशी दिसते.”

मग तिने स्वयंपाकघराच्या खणातून एक घडी केलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. माझा फॉर्म. नाव खोडलेलं होतं, पण माझं अक्षर कुणालाही ओळखू येतं. ऑफिसातून तिने पहिल्याच आठवड्यात प्रत मागून घेतली होती. म्हणजे त्या सगळ्या फेऱ्या ती माझ्या शेजारी बसून, माझे डोनट खात, हे माहीत असून बसली होती. माझे कान तापले. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तिने हात वर केला.

“ते राहू दे. तू चांगलंच लिहिलंयस. तिच्याविषयी इतकं चांगलं कुणीच लिहिलं नाही, हा कागद मी जपून ठेवणार आहे. मला फक्त एक सांग. तू तिला पिट बुल का म्हणालीस? तुला कुणी सांगितलं होतं?”

मी आठवून पाहिलं. खरंच पाहिलं, कारण तिला उत्तर हवं होतं आणि मी तिचं देणं लागत होते. कुणी सांगितलं नव्हतं. मी पिट बुल जवळून कधी पाहिलाही नव्हता. फॉर्मवर काहीतरी लिहायचं होतं, ‘कुत्री’ लिहिलं तर रकाना रिकामा वाटला असता, आणि तो शब्द आपोआप आला.

“माहीत नाही,” मी म्हणाले.

लोराना खोक्यावर बसली. “मला वाटलं होतं, निदान तुला तरी माहीत असेल,” ती म्हणाली, आणि आम्ही दोघी त्या कुत्रीकडे बघत राहिलो.