स्टोव्हच्या गाण्याला हसलेली माणसं

रूथ गेल्याचं मला ड्युटीच्या तक्त्यावरून कळलं. चार दिवसांची रजा संपवून संगमनेरहून परतले, तर नर्सेसच्या यादीत तिच्या नावावर लाल रेघ. काविळीनं गेली, तेहतिसाव्या वर्षी. वॉर्डात कधीतरी टोचलेल्या सुईतून कावीळ आली असावी, असं सगळे दबक्या आवाजात म्हणतात. शोकसभेत मात्र एकच ऐकू येत होतं... किती हसवायची आम्हाला.

हसवायची खरी. नगरच्या या रुग्णालयात आम्ही दोघी जळीत वॉर्डात बरीच वर्षं बरोबर होतो. दर थोड्या दिवसांनी एखादी सून भाजून यायची, सोबत सासरची माणसं, आणि केसपेपरवर ठरलेलं कारण, स्टोव्हचा भडका. रॅप तेव्हा नुकतंच टीव्हीवरून घरोघरी पोचलं होतं. परिचारिका दिनाच्या कार्यक्रमात रूथ धाकट्या भावाची टोपी उलटी घालून स्टेजवर आली आणि हातवारे करत सुरू झाली:

“सासूनं पंप मारला, स्टोव्ह राहिला गप्प,
नणंदेनं काडी लावली, स्टोव्ह राहिला गप्प,
सून आली चहा करायला, स्टोव्ह म्हणाला, आलीस का?”

सभागृह खदखदून हसलं. पुढच्या रांगेतले डॉक्टर एकमेकांना टाळ्या देत होते. मग ती म्हणाली, “नव्वद टक्के पडले हो, आमची सून पहिली आली.” भाजल्याचे टक्के आम्ही रोज कागदावर लिहीत होतो, तरी हसू थांबलं नाही. मागच्या खुर्चीवरून आमच्या वॉर्डातल्या आया सखूबाई उठल्या आणि तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या. त्यांची थोरली लेक अशीच गेली होती.

दुसऱ्या दिवशी तक्रारअर्ज फिरला. मृतांची चेष्टा, पेशाला काळिमा वगैरे. मीही सही केली. मेलेल्यांवर विनोद करू नये, असं मला मनापासून वाटत होतं. केसपेपरवरच्या खोट्या कारणाविरुद्ध मात्र आमच्यातल्या एकीनंही कधी अर्ज केला नव्हता, हे तेव्हा सुचलं नाही. रूथला लेखी ताकीद मिळाली, बदली बाह्यरुग्ण विभागात झाली. सामान उचलताना ती एवढंच म्हणाली, “ताई, अर्जावर तुमचीच सही सगळ्यात ठसठशीत आहे.”

सखूबाईंची माफी मागायला ती गेली, तेव्हा मला सोबत घेऊन गेली. त्या दारात भांडी घासत होत्या. हातातलं पातेलं घासून त्यांनी पालथं घातलं. मग म्हणाल्या, “गानं खोटं न्हवतं, बाई. पन ती समदी हसत हुती ना, ते मला बगवलं न्हाई.”

“मला वाटलं होतं, हसता हसता गप्प होतील,” रूथ म्हणाली.

त्यानंतर ती पुन्हा कधी गायली नाही. त्या गाण्यात समाजाला काही सांगणं होतं, की नुसता धक्का... मला अजून ठरवता येत नाही. ऐकणारे आम्ही होतो, आणि आम्ही हसलो.

जळीत वॉर्डात तिची एक सवय होती. नातेवाइकांना काहीतरी आणायला पिटाळायची, स्टूल बाईच्या उशाशी ओढायची आणि हळू आवाजात खरं काय झालं ते विचारायची. गेल्या आठवड्यात सुप्याकडची एक मुलगी आली. मी तिच्या सासूला नारळपाणी आणायला पाठवलं, स्टूल ओढलं, विचारलं. ती दाराकडे बघत राहिली.

“भडकाच लिवा, सिस्टर,” ती म्हणाली. “पोरगी माजी त्यांच्याकडंच हाय.”

मी तेच लिहिलं.