दोन माशांची पिशवी

आमच्या चाळीत दिवसा दार लावायची पद्धत नाही. दार लावलेलं दिसलं की लोक समजतात, आत भांडण चाललंय नाहीतर कोणीतरी गेलंय. गेल्या वर्षी आईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि आमचं दार दिवसातून चार वेळा अर्धा-अर्धा तास बंद राहू लागलं. पंखा बंद, खिडकी बंद, तोंडाला मास्क. आईच्या पोटात बसवलेल्या नळीला औषधाची पिशवी जोडायची, तर हवेतला एक जंतूही आत जाता कामा नये. पहिल्या आठवड्यात शेजारची काकी बाहेरून ओरडायची, "काय गं, भांडताय काय दोघी?" मी आतून ओरडायचे, "अजून नाही!"

मशीनवर रक्त धुऊन घ्यायला आई तयार नव्हती. तिची धाकटी बहीण आठवड्यातून तीनदा त्या मशीनवर जायची आणि घरी आली की भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. आईने ते पाहिलं होतं. "मला तिथं नको नेऊ बाय," एवढंच ती म्हणाली होती, आणि आयुष्यात तिने माझ्याकडे दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही. म्हणून हा घरचा मार्ग. दोन लिटर साखरेचं पाणी पोटात सोडायचं आणि चार-पाच तास तिथेच ठेवायचं. पोटाच्या आतल्या पातळ अस्तरातून अंगातला कचरा आणि जादा पाणी त्यात उतरतं. मग ते काढून ताणकाट्याला लावायचं. आत गेले दोन किलो, तर बाहेर यायला हवेत त्याहून जास्त. वरचं जे काही येईल, तेवढी सूज कमी.

हे सगळं मी दादरच्या एका शाळेत वर्षानुवर्षं शिकवत आलेय. पेशीपटल, परासरण, पाण्यात टम्म फुगणारा बेदाणा आणि मिठाच्या पाण्यात पुन्हा आकसणारा बेदाणा. पाणी पातळ बाजूकडून दाट बाजूकडे जातं, हे मी झोपेतही सांगेन. मला सगळं येत होतं, हाच तर घोळ झाला.

आई मूळची वरळी कोळीवाड्यातली. लग्न होऊन चिंचपोकळीला गिरणी कामगाराच्या घरी आली, पण मासळीची पाटी काही सोडली नाही. चाळीस वर्षं ती भोईवाड्याच्या नाक्यावर बसली. ताजं विकायची, उरलेलं खारवायची. अक्षरओळख नाही, पण काट्यावरचा आकडा तिच्या नजरेतून कधी सुटला नाही. नर्सबाई आम्हाला पिशवी लावायला शिकवत होत्या, तेव्हा ही मध्येच म्हणाली, "म्हणजे बांगड्याला मीठ लावलं की पाणी सुटतं, तसंच ना?" मी तिला पेशी, पटल, आतलं-बाहेरचं द्रावण असं सगळं समजावलं. चांगली दहा मिनिटं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग मी काय वेगळं बोलले?" नर्सबाई तोंड फिरवून हसल्या.

तीन महिने बरे गेले. मग आईच्या पायांवर सूज आली. डॉक्टर म्हणाले, सकाळची एक पिशवी साधी ठेवा, बाकी तिन्ही जास्त साखरेच्या लावा. नवी खोकी आली त्या दिवशी मी शाळेचे पेपर तपासून मेटाकुटीला आले होते. दुपारची पिशवी आई एकटीच बदलायची, मी शाळेत असायचे. तिला वाचता येत नाही म्हणून मी जाड मार्करने खोक्यांवर आणि आतल्या प्रत्येक पिशवीवर मासे काढले. साधीवर एक मासा, जास्त साखरेच्या पिशवीवर दोन. स्वतःवर भलतीच खूश झाले आणि खोकी खाटेखाली ढकलली.

सूज उतरेना. उलट चढली. सकाळी, संध्याकाळी आणि रात्री मी पाणी काढायचे, ते जेमतेम दोन किलो भरायचं. जेवढं आत तेवढंच बाहेर. फक्त दुपारी, सकाळची साधी पिशवी आई रिकामी करायची तेव्हा, ती भलताच आकडा सांगायची. "दोन चारशे." एकदा "दोन साडेतीनशे." आई म्हणाली, "बाय, तुझ्या एका माशाच्या पिशवीतच दम हाय. दोनवालीत काय नाय." मी म्हटलं, "आई, तुझं वाचायचं चुकत असेल." चाळीस वर्षं काट्यावर बसलेल्या बाईला मी हे म्हटलं. वर आणखी, डॉक्टरांना दाखवायच्या वहीत तिचे आकडे खाली आणून लिहिले. दोन शंभर, दोन शंभर. इतर आकड्यांत जुळावेत म्हणून. कुठल्या पोराने प्रयोगवहीत असं केलं असतं, तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

डॉक्टरांनी माझी ती नीटनेटकी वही पाहिली आणि म्हणाले, पोटाचं अस्तर थकलं असावं. आणखी एक आठवडा बघू, नाहीतर मशीन. घरी येताना टॅक्सीत आईने माझा हात चिंचपोकळीपर्यंत सोडला नाही.

त्या रविवारी दुपारी खाटेखालून मला वास आला. खाऱ्या मासळीचा. आईला मीठ सक्त बंद होतं, आणि तिच्या समोर नको म्हणून चार महिने मीही घरात मासळी आणली नव्हती. माझं डोकंच सरकलं. सगळी खोकी खेचून बाहेर काढली, तर मागे बरणी. मिठात रचलेला बांगडा.

"हे चाललंय होय! मी इथे मरमर मरतेय, आणि तू चोरून मीठ खातेस? जायचंय का तुला त्या मशीनवर?"

आई खाटेवरून उठलीसुद्धा नाही. "बारा तुकडे घातलेत. मोज."

मी खरंच मोजले. इतकी मी रागात होते. बाराच होते.

"काकीकडून मागवला," ती म्हणाली. "तुझ्यासाठी. माझ्यापायी तू खायची थांबलीस. सुकून चाललीस गो. काकीकडून भाजून तुझ्या शाळेच्या डब्यात ठेवणार होते." मग बरणीकडे बोट दाखवून म्हणाली, "बघ, पाणी कसं सुटलंय. मीठ बरोबर पडलं की असं सुटतं. नाय सुटलं, तर मासळीला दोष देत नाय कोण. मीठ बघतात."

मी बरणी हातात घेऊन तिथेच खाली बसले. समोर दोन माशांचं खोकं होतं. नर्सबाईंनी बजावलं होतं, प्रत्येक वेळी पिशवीवरचा छापील आकडा वाचा. मी रोज माझा मासा वाचत होते. आता आकडा वाचला. दोन माशांवर कमी साखर, एका माशावर जास्त. मासे मीच उलटे काढले होते.

मला रडू आलं, आणि मी ते आवरलं नाही. आईने माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला चार महिन्यांनी मिठाचा वास येत होता, माझ्या लहानपणीचा. "आता रडत बसू नको," ती म्हणाली. "बाईंना फोन लाव."

नर्सबाईंनी मला जे सुनावायचं ते सुनावलं, मग काय करायचं ते सांगितलं. दुपारी आम्ही छापील आकडा दोनदा वाचून पिशवी लावली. संध्याकाळी दार बंद करून पाणी काढलं. पिशवी काट्याला अडकवली आणि मी डोळे मिटून घेतले.

"तू वाच," मी म्हटलं.

काटा हलायचा थांबेपर्यंत तिने घाई केली नाही. गिऱ्हाईक कितीही खोळंबलं तरी ती करत नसे. "दोन पाचशे," ती म्हणाली. "अस्तर थकलेलं नाय माझं. लिही."

मी लिहिलं. मग मागची पानं काढून दुपारचे सगळे आकडे खोडले आणि तिला विचारून पुन्हा लिहिले. तिला एकूण एक पाठ होते. पुढच्या भेटीत ती खाडाखोड मी डॉक्टरांना दाखवली आणि काय केलं होतं ते सांगितलं. त्यांनी नवे आकडे एकेक करून वाचले, आणि मशीनचा विषय मिटला.

आता नवी खोकी आली की मी छापील आकडा मोठ्याने वाचते आणि मासे आई काढते. तिच्या माशाला कल्ले असतात, खवले असतात, शेपटीला नेमका बाक असतो. माझे मासे कोणी फुकट नेले नसते, असं तिचं म्हणणं आहे. दुपारी मी शाळेत असते तेव्हा ती आकडा लक्षात ठेवते. संध्याकाळी आल्याबरोबर, चपला काढायच्या आधी, मी तिला तो विचारते आणि ती सांगेल तोच लिहिते.