मी सईला शिकवलेलं उत्तर

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. देवापुढेही नाही — त्याला माहीत असेलच, म्हणून तिथेही गप्प. तुम्हाला सांगते आहे, पण माझी कीव करू नका. मला ती सोसत नाही.

सई माझ्या धाकट्या जावेची, प्राचीची मुलगी. कोलशेतला आमची दोन घरं एकाच मजल्यावर, समोरासमोर. प्राची नोकरीला जायची, त्यामुळे सई दिवसभर माझ्याकडे. मला मोठीआई म्हणायची. मला स्वतःचं मूल नाही. आणि प्राचीला दुसऱ्यांदा दिवस गेल्याचं कळलं तेव्हा — खरं सांगू? — माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"ताई, सईच्या मनाची तयारी तुम्हीच करा हं. तुमचं ऐकते ती," प्राची म्हणाली. वर एक बाहुली आणून दिली. बाहुलीला आंघोळ घालायची, मानेखाली हात धरून उचलायचं, 'आपलं बाळ येणार' म्हणायचं. मी सगळं शिकवलं. चार वर्षांची पोर, जीव लावून शिकली.

मग डोहाळजेवण ठरलं. सासूबाईंनी मला आधीच बजावलं — तू ओटी भरू नकोस, मसालेभाताकडे बघ. का, ते बोलायची गरज नव्हती. हे कारण म्हणून सांगत नाही. असे अपमान गिळणाऱ्या बायका काय कमी आहेत? त्या मी केलं ते करत नाहीत.

आमच्याकडे घरातल्या लहान मुलाला विचारतात — आईच्या पोटात काय आहे, भाऊ की बहीण? ते बोलेल ते खरं होतं म्हणे. मी सईला आठवडाभर पढवलं. आजीने विचारलं की म्हणायचं, "काहीच नाही." दर वेळी नीट म्हटलं की एक चॉकलेट.

तिने भरल्या घरात खणखणीत आवाजात सांगितलं आणि माझ्याकडे बघून हसली. प्राचीचा चेहरा उतरला. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते — आणि मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं.

तीन आठवड्यांनी बाळ पोटातच गेलं.

शब्दांनी बाळ जात नाही, एवढं मला कळतं. नाळेचा दोष होता, डॉक्टरांनी सांगितलं. पण सासूबाईंनी सईला काळ्या जिभेची ठरवलं. प्राचीने रडून सुजलेल्या डोळ्यांनी तिला समोर उभं केलं — कुणी शिकवलं तुला हे? सईने माझ्याकडे बोट दाखवलं. "मोठीआईने."

आणि मी? मी म्हणाले, "खोटं बोलते. मी कशाला असं शिकवीन?"

प्राचीने तिच्या थोबाडीत मारली. सई रडली नाही, माझ्याकडे बघत राहिली. त्यानंतर घरात काही हरवलं, फुटलं, की संशय पहिला तिच्यावर. मी तिथेच असायचे. एकदाही तोंड उघडलं नाही.

आता ती दहा वर्षांची आहे. प्राचीला पुन्हा दिवस गेलेत. या वेळी सईच्या मनाची तयारी करा, असं कुणी म्हणत नाही. आईच्या पोटाला हात लावायला गेली तर आजी तिला बाजूला ओढते. परवा माझ्याशेजारी मटार सोलत बसली होती. मध्येच म्हणाली, "मोठीआई, मी लहानपणी खूप खोटं बोलायचे ना गं?"

मी म्हणाले, "हो."