सोनचाफ्याला धाक

झाडांना धाकात ठेवणारा माणूस अख्ख्या शहापूर तालुक्यात एकच, आणि नव्वदच्या दशकात तो नेमका आमच्या शेजारी राहायचा. तात्या कल्याणच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. रिटायर होऊन आसनगावला घरी बसले आणि हाताखाली माणसं उरली नाहीत म्हणून परसातल्या फुलझाडांवर साहेबगिरी करू लागले. कळ्या गाळणारी जास्वंद त्यांच्या लेखी ‘दांडीबहाद्दर’, गणपतीपासून दिवाळीपर्यंत फुलणारा झेंडू ‘ओव्हरटाइमवाला’. पाहुणा आला की आधी बागेची हजेरी, मग चहा. एकदा नव्या जावयाला त्यांनी भर उन्हात अबोलीपुढे उभं करून तिची ख्यालीखुशाली विचारायला लावली. जावई पुढे बरेच दिवस फिरकला नाही, त्याचं खापर त्यांनी अबोलीवर फोडलं.

सगळ्यात जास्त बोलणी खायचा तो काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने लावलेला सोनचाफा. छपराच्या वर गेला, पण फूल म्हणून नाही. आमच्याकडे न फुलणाऱ्या झाडाला कोयत्याचा धाक घालतात, आणि दुसऱ्या कुणीतरी मध्ये पडून त्याची बाजू घ्यायची असते. दर श्रावणात तात्या कोयता उगारून ओरडायचे, “यंदा नाय फुललास तर तोडीन.” काकू ओटीवरून तांदूळ निवडता निवडता म्हणायच्या, “ऱ्हाऊ द्या, पुढल्या वर्षी फुलंल.” झाड वाचायचं आणि तात्यांचा मानही राहायचा.

मग काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय हळूहळू हलू लागले, पण वाचा काही येईना. डॉक्टर म्हणाले, बोलतं करत राहा, येईलही. तात्या दिवसभर त्यांच्याशी बोलत, काकू नुसत्या बघत. त्या दिवसांत तात्या झाडांनासुद्धा रागवेनासे झाले, ते मला बघवत नसे.

श्रावण आला तसं त्यांनी काकूंना ओटीवर खुर्चीत बसवलं आणि कोयता उचलला. मी कुंपणाशी होते. “यंदा नाय फुललास तर तोडीन,” असं ओरडून ते थांबले. आता मीच मध्ये पडावं म्हणून पुढे वाकले, तर पानांआड पिवळसर कळी दिसली. मी बोटाने दाखवली.

“परवापासून बघतोय मी,” तात्या हळूच म्हणाले. “तू गप ऱ्हा गो.”

त्यांनी पुन्हा कोयता उगारला, पुन्हा धमकी दिली. बऱ्याच वेळाने काकूंचे ओठ हलले.

“ऱ्हा... ऱ्हाऊ द्या.”

तात्यांनी कोयता बुंध्याशी खाली ठेवला. मला इतका आनंद झाला की कुंपणाच्या काट्यांनी हात ओरबाडले तरी मी तिथूनच आत शिरले.

पुढे चाफा भरभरून फुलू लागला. तरी प्रत्येक श्रावणात तात्या त्या फुलांनी लगडलेल्या झाडापुढे कोयता घेऊन उभे राहत, आणि काकूंचं उत्तर ऐकू येईपर्यंत तिथून हलत नसत.