शेडमधले पितळी रूळ

बर्ड फ्लूची साथ आली तेव्हा पांढऱ्या पोशाखातली माणसं नवापूरला आमच्या पोल्ट्रीवर आली आणि दोन दिवसांत दोन्ही शेड रिकाम्या करून गेली. पक्षी मागच्या खड्ड्यात, चुन्याखाली गेले. त्यानंतरही पप्पा रोज पहाटे उठून मोठ्या शेडचं कुलूप उघडायचे आणि जेवायच्या वेळेपर्यंत आत बसून राहायचे. बोलणं जवळजवळ थांबलं होतं.

मोबाइलवर ते एकाच प्रकारचे व्हिडिओ बघतात, हे मला थोडं उशिरा कळलं. परदेशातले म्हातारे घरामागच्या बागेत रूळ टाकून खेळण्यातली आगगाडी फिरवतात. टेबलावरची चिमुकली गाडी नव्हे. इंजिन दोन्ही हातांनी उचलावं लागतं, एवढी मोठी. पप्पांना जवळचं नीट दिसत नाही, पण ती गाडी दिसायची. शेड रिकामी होती, लांब होती, वर पत्रे होते. मी गाडी मागवायचं ठरवलं.

महिनाभर मी इंटरनेटवर इंग्रजीत वाचत होते. नवशिक्यांच्या संचाबरोबर रुळांचा एक लहान गोल आणि एक अँपिअरचा वीजपुरवठ्याचा खोका येतो. तो गोल इतका लहान असतो की गाडीचे लांब डबे वळणावर अडकतात, म्हणून वळण मोठं घ्यावं. व्होल्टने गाडीचा वेग ठरतो. इंजिन किती ओढेल, ते अँपिअरवर. मी पाच अँपिअरचा वीजपुरवठा निवडला. रुळांचं जास्त अवघड होतं. अ‍ॅल्युमिनियमचे हलके, पण त्यांना सोल्डरचा डाख लागत नाही. स्टीलचे टिकाऊ, पण कापायला कठीण. पितळी रुळांतून वीज चांगली वाहते, ते सहज कापता येतात, पावसातही राहतात. पहिल्यांदा घेणाऱ्याला सगळे पितळच सुचवत होते.

हे सगळं मी शेडच्या दारात बसून पप्पांना सांगायचे. ते ऐकतात की नाही, कळायचं नाही. एक दिवस ते म्हणाले, "शेडना टोकना बल्ब कशा मंद पडतस? तसंच हाई गाडीनं व्हई. दोन्ही बाजूथीन वायर देसूत." पुस्तकी भाषेत मी हेच वाचलं होतं. लांब रुळाला एकाच ठिकाणी वीज दिली तर पलीकडे गाडी रेंगाळते.

मम्मी पाण्याची कळशी घेऊन उभी होती. "कोंबड्या गयात, आते हाई गाडी अंडा देई का?"

"देई," पप्पा म्हणाले. "तू उबवजो."

मम्मी हसली आणि पटकन आत गेली.

विक्रेत्याशी फोनवर बोलायचं काम माझं होतं. रूळ कुठे टाकणार, त्याने विचारलं. मी म्हणाले, "हॉलमध्ये. मोठा हॉल आहे." विचार करावाच लागला नाही. शाळेच्या बसमध्ये मी चढले की एक मुलगी नाकाला रुमाल लावायची, तेव्हापासून मी पोल्ट्रीचं नाव कुठे घेत नाही. फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय 'बिझनेस', एवढंच लिहिते. हॉल म्हटल्यावर तो म्हणाला, मग पितळ घ्या, डोळे झाकून.

रूळ आले तेव्हा पप्पांनी एक तुकडा उचलून उजेडात धरला. "हाई पितळ शे ना? तू त्याले सांगेल शे ना, पोल्ट्रीनी शेड शे म्हनीसन?"

मी 'हो' म्हणून मान हलवली.

दोन आठवडे गाडी छान चालली. पप्पा दाढी करून शेडवर जायला लागले. मग पाऊस धरला, जमिनीला ओल सुटली आणि रुळांवर आधी तपकिरी, मग निळसर हिरवा थर यायला लागला. इंजिन झटके द्यायचं, थांबायचं. पप्पा रोज पॉलिश पेपरने पूर्ण फेरी घासायचे आणि दुसऱ्या सकाळी थर परत असायचा. इतकी वर्षं कोंबडखत मुरलेल्या त्या जमिनीतून अमोनिया निघतच होता. आमच्या नाकांना सवयीने तो वास येत नाही. अमोनिया तांब्यापितळेला खातो, हे पप्पांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. शेडमधल्या वायरी आणि स्विच ते दरवर्षी बदलत. पण शहरातल्या माणसाला सगळं सांगितलंय आणि तरी त्याने पितळ दिलं, म्हणजे वर काही लेप असेल, असं त्यांनी धरलं होतं.

शेवटी त्यांनी स्वतःच फोन लावला, स्पीकरवर. मी शेजारी उभी होते.

"साहेब, मुर्गी का शेड है. आपका पटरी पूरा हरा हो गया."

"मुर्गी का शेड? वहाँ तो अमोनिया होगा, अंकल. पीतल किसने बोला? मॅडम ने तो हॉल बताया था."

पप्पांनी त्याचं पुढचं सगळं शांतपणे ऐकलं. रुळांत वीज सोडायचीच नाही, इंजिनात बॅटरी बसवायची, मग रूळ हिरवे झाले तरी अडत नाही, असं तो सांगत होता. "ठीक है," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

"आपला घरले हॉल कोठे शे, माय?" त्यांनी मला विचारलं.

ते रागावले असते तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

"मी बॅटरी मागवते," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ दे."

त्या दुपारी त्यांनी रूळ सांधा सांधा करून सोडवले, प्रत्येक तुकडा पुसला आणि खाद्याच्या रिकाम्या गोण्यांत भरला. मी एक तुकडा पुसायला घेतला, तर त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. हिसकावला नाही, नुसता घेतला. दुसऱ्या दिवसापासून ते शेडवर गेले नाहीत. मम्मीला वाटलं, सुटलो एकदाचे. मला तसं वाटलं नाही. आधी ते निदान कुठेतरी जात होते.

मी विक्रेत्याला फोन करून खरं काय ते सांगितलं आणि बॅटरीचा संच मागवला. पत्त्यात पोल्ट्रीचं नाव पूर्ण लिहिलं. पार्सल आलं तेव्हा मी आत होते. पप्पांनी चष्मा लावून लेबल वाचलं, सही केली आणि खोकं कपाटावर ठेवून जेवायला बसले. ते अजून तसंच, न उघडलेलं आहे. उघडा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.